सगळं आधी बघितल्यासारखं का वाटतं?

जामसंड्यातून बोलतोय. आजचा प्रश्न सरळ आहे : रील, पिक्चर, नाटक, काहीही लावा, सगळं ओळखीचंच का वाटतं?

२००४ च्या 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग २०२४ मध्ये आला. २०१६ च्या 'सैराट'चा दोनच वर्षांत हिंदीत 'धडक' झाला. लोकांना आता नवीन सुचतच नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

आमच्याकडच्या बागा बघा. हापूस लावायचा तर कलमच आणतात. कलम म्हणजे त्याच झाडाची कॉपी, फळ कसं येणार ते आधीच माहीत. बाठ्यापासून उगवलेला रायवळ प्रत्येक वेगळा. पण गोड की आंबट, हे कळायला कित्येक वर्षं थांबायचं. कर्ज काढलेला बागायतदार ही रिस्क कशाला घेईल? त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पिक्चरला पैसे लावणाऱ्याचं तेच गणित. रील करणाऱ्याचंही तेच : दोन सेकंदांत बोट पुढे सरकलं की खेळ संपला. मग जो ऑडिओ चालतोय तोच घ्यायचा.

आता दशावतार घ्या. आख्यान ठरतं, भूमिका ठरतात, पण लिहिलेली संहिता नसते. संवाद नट उभ्या उभ्या रचतो. ही हिंमत येते कुठून? बिदागी ठरलेली असते, माणसं जत्रेला आलेलीच असतात. एखादा प्रसंग फसला तर पुढच्या प्रवेशात सावरता येतं, आणि उद्या दुसऱ्या गावची जत्रा आहेच. फसणं परवडतं, तिथे माणूस नवीन करून बघतो.

आणि जिथे परवडत नाही? १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच. व्यावसायिक रंगभूमीवर अख्खं नाटक मालवणीत! सुरुवातीला प्रेक्षक फिरकेना. मग पु. ल. देशपांड्यांनी नाटक बघून कौतुकाचं पत्र लिहिलं, आणि चित्र पालटलं. पुढे पाच हजारांवर प्रयोग झाले.

म्हणजे नवीन गोष्टीला पैशाइतकाच लागतो तो विश्वासातला शब्द. आपण पु. ल. नाही, पण आपल्या शब्दावर तिकीट काढणारी चार माणसं प्रत्येकाकडे असतात. काही वेगळं आवडलं तर नुसतं लाईक करून पुढे जाऊ नका. त्याच दिवशी त्या चौघांना फोन करा. आठवड्याने केलात तर शो उतरलेला असेल.