विमान तयार, छत्री तयार, तरी उडी नाही



महिला दिनाच्या कार्यक्रमात आपण पुण्याच्या शीतल महाजन यांच्याबद्दल बोललो होतो. २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकावर, विमानातून उडी मारणारी ही आपली मराठी बाई. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली, हे सांगितल्यावर तर माझा फोन दोन दिवस वाजत होता. बहुतेकींचा प्रश्न एकच, काष्टा सुटला नाही का?

त्याच उडीबद्दल शीतलताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी हवामान चांगलं होतं, म्हणून दोन उड्या जमल्या. आपण नऊवारी लक्षात ठेवली आणि हवामान विसरून गेलो.

मला ते आठवायचं कारण म्हणजे आपल्या एका गटाच्या सचिवताईंचा फोन. त्यांची मुलगी कॉलेजात एन.सी.सी.त आहे. छत्रीची उडी शिकायचीच असं तिनं घेतलंय. सचिवताई म्हणाल्या, "ताई, भीती पडायची नाही वाटत हो. पण पोरगी म्हणते, शिकायला गेलेली माणसं दिवसदिवस नुसती मैदानावर बसून असतात. पैसे भरलेत, विमान उभं आहे, छत्री पाठीला आहे, मग बसून का राहायचं? कुणी फसवतंय का?"

प्रश्न चांगला होता आणि उत्तर मला येत नव्हतं. पण माझी एक मावसबहीण अमेरिकेत मिशिगनला नोकरीला आहे, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. गेल्या उन्हाळ्यापासून ती हेच शिकतेय. तिला तीन रविवार फोनवर धरून बसवलं आणि सगळं समजून घेतलं. आज तेच सांगते.

आधी शिक्षण कसं असतं ते बघू. पहिला जवळजवळ अख्खा दिवस जमिनीवरचा वर्ग. शरीर कसं ठेवायचं, उंची दाखवणारं घड्याळ कसं वाचायचं, छत्री नीट उघडली नाही तर काय करायचं. मग उड्या सुरू. सुरुवातीच्या उड्यांना दोन्ही बाजूंनी एकेक शिक्षक धरून असतो. ताशी जवळजवळ १९० किलोमीटरच्या वेगानं खाली येत असताना ते हाताच्या खुणांनी सांगतात, पाय सरळ कर, छाती पुढे काढ. साडेपाच हजार फुटांच्या आसपास शिकणारीनं स्वतः छत्री उघडायची. पुढं एकच शिक्षक राहतो. अशा सात-आठ पायऱ्या पार केल्या की एकटीनं उडी मारता येते, आणि पहिला परवाना मिळायला एकूण २५ उड्या लागतात. कागदावर बघितलं तर वाटतं, दिवसाला तीन-चार उड्या केल्या तर आठवड्यात उरकेल. बहिणीनंही असाच हिशेब केला होता. तिनं मे महिन्यात नाव घातलं आणि ऑक्टोबर संपला तेव्हा तिच्या उड्या झाल्या होत्या अकरा.

आता वाऱ्याचं. अमेरिकेत उडी मारणाऱ्यांची जी राष्ट्रीय संघटना आहे, तिचा नियम आहे की शिकाऊ माणसासाठी जमिनीवरचा वारा ताशी १४ मैलांच्या वर नको. म्हणजे साधारण २२ किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर धूळ उडायला लागते, झाडाच्या बारीक फांद्या हलत राहतात, एवढाच वारा. आपण असल्या वाऱ्यात कपडे वाळत घालतो. परवाना असलेल्यांना असा ठराविक आकडा नाही, ते स्वतःच्या अनुभवावर ठरवतात. त्यामुळे होतं असं की जुनी माणसं विमानात बसून वर जातायत, रंगीत छत्र्या खाली येतायत आणि नवी पोरगी बाकावर बसून बघतेय. तिला वाटणारच, मलाच का?

तुम्ही ज्वारी उपणलीय ना? पाटीतून एकाच वेळी सोडलेलं दाणे आणि भूस, दाणे पायाशी पडतात आणि भूस लांब जातं. इथंही तोच न्याय. शिकाऊ माणसाला मुद्दाम मोठी छत्री देतात, कारण ती हळू उतरते आणि चूक झाली तरी सांभाळून घेते. पण मोठी छत्री पुढंही हळूच जाते. समोरचा वारा तिच्या वेगापेक्षा जोरात असेल तर माणूस तोंड मैदानाकडे करून मागं मागं जात राहतो. मागं काय असेल सांगता येत नाही, झाडं, विजेच्या तारा, रस्ता. उतरल्यावर छत्री फुगून जमिनीवरून ओढत नेते ते वेगळंच. आणि त्यातही हलक्या अंगाच्या बाईला हे जास्त लागू. माझी बहीण पन्नास किलोची. तिच्याबरोबर शिकणारा नव्वद किलोचा गडी त्याच मापाच्या छत्रीखाली जास्त वेगानं पुढं जातो, तिला तोच वारा धरून ठेवतो. म्हणून कधी कधी त्याला जा म्हणतात आणि तिला थांब म्हणतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती चिडली, बाई म्हणून मागं ठेवतायत म्हणाली. शिक्षिकेनं तिला वहीत आकडे मांडून दाखवले, तेव्हा पटलं. (शिक्षिका पण बाईच होती, हे तिनं मला दुसऱ्या फोनवर सांगितलं.)

ढगांचं तर आणखी वेगळं. ढगातून उडी मारायला तिथं कायद्यानं बंदी आहे, कारण ढगात खालचं विमान दिसत नाही आणि खालच्या विमानाला तुम्ही दिसत नाही. समजा ढग सहा हजार फुटांवर आहेत. जुना माणूस पाच हजारांवर उडी मारून लगेच छत्री उघडेल, त्याचं काम झालं. शिकाऊ बाईला मात्र वरची उंची लागते, कारण तिचा धडा त्या मधल्या वेळात असतो. उंची कमी झाली की धडाच नाही. शिवाय शिकाऊंना सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा. मग दिवस कसा जातो बघा. सकाळी खाली ढग. दहा-अकराला ढग फाटले की ऊन तापतं आणि वारा सुटतो. संध्याकाळी पाचनंतर वारा पडतो, तेव्हा सगळ्यांनाच विमान हवं असतं, आणि सूर्य काही थांबत नाही. अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागात ढग कमी, पण भर उन्हात वावटळी उठतात. वावटळीत छत्री सापडली तर ती मिटूही शकते, म्हणून तिथंही शिकाऊंनी दुपारी सावलीतच बसायचं.

बरं, हवा चांगली आहे असं धरू. आता विमान. मोठ्या मैदानांवर वीसेक माणसांचं विमान असतं. बहिणीच्या मैदानावरचं विमान छोटं, पायलट सोडून चौघांचं. दहा हजार फूट चढायला वीस-पंचवीस मिनिटं, मग उतरायचं, तेल भरायचं. शिकाऊ बाईबरोबर दोन शिक्षक म्हणजे चारांतल्या तीन जागा एका धड्याला गेल्या. आणि शनिवार-रविवारी तिथं हौशी लोकांची रांग असते, ज्यांना शिकायचं नाही, आयुष्यात एकदा उडी मारायचीय. त्यांना शिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून नेतात. त्यांनी महिनाभर आधी वेळ ठरवलेली असते, पैसे जास्त दिलेले असतात, आणि खरं सांगायचं तर विमानाचं तेल त्यांच्याच पैशावर निघतं. शिक्षक तेच, विमान तेच. मग शिकाऊ बाई यादीत खाली सरकते. यावर बहीण अजून रागावलेली आहे, आणि मला तिचा राग बरोबर वाटतो. वाऱ्यावर कुणाचा इलाज नाही, पण यादी माणसं लिहितात. "तुझा नंबर आज लागणार नाही" हे सकाळी नऊला कळलं तर ती घरी जाऊन चार कामं करील. तिला ते साडेसहाला कळायचं.

छत्र्यांचाही हिशेब असतो. शिकाऊंच्या छत्र्या मोजक्याच. प्रत्येक उडीनंतर घडी घालायला वेळ लागतो. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, एक रोजची आणि एक अडचणीची. अडचणीच्या छत्रीची घडी परवाना असलेल्या कारागिरानं घातलेली लागते, आणि १८० दिवस झाले की ती वापरो न वापरो, उघडून, तपासून पुन्हा घालावी लागते. तारीख एका दिवसानं उलटली तरी ती पिशवी खुंटीला.

आता या सगळ्यातली सगळ्यात जाचक गोष्ट सांगते, तीस दिवसांची. शिकाऊ माणसानं तीस दिवसांत उडी मारली नाही, तर पुढची उडी पुन्हा शिक्षकाच्या देखरेखीखाली मारावी लागते. तिच्या मैदानावर एका शिकाऊ उडीला दोनशे डॉलरच्या वर लागतात. म्हणजे वाऱ्यानं चार शनिवार खाल्ले की मागची पायरी पुन्हा आणि पैसेही पुन्हा. मी म्हटलं, हे तर आपल्या कर्जाच्या हप्त्यासारखं झालं, पाऊस पडो न पडो, तारीख तीच. ती म्हणाली, नाही ताई, यात तसं नाही. शरीर खरंच विसरतं. दीड महिन्यानं विमानाच्या दारात उभी राहिले तेव्हा हात कुठं धरायचा ते आठवेना.

म्हणूनच सचिवताईंना मी म्हटलं, फसवणुकीपेक्षा मला भीती दुसरीच वाटते. सप्टेंबरमधला एक शनिवार. बहिणीचा एकोणतिसावा दिवस होता. त्याआधीचे तीन शनिवार पावसा-वाऱ्यात गेलेले. सकाळी सातपासून ती बसून. संध्याकाळी सहाला वारा उतरला. वाऱ्याचं मापक बारा दाखवी, मग पंधरा, मग तेरा. सूर्य मावळायला तासभर. ती शिक्षिकेला म्हणाली, "बारावर आहे आत्ता, निघूया ना." रडकुंडीला आली होती. शिक्षिका म्हणाली, "बारावर चढशील, पण उतरताना किती असेल?" आणि दोघी वीस मिनिटं मापकाकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी सतरावर गेला. विमान आलंच नाही त्यांच्यासाठी. बहीण दीड तास गाडी चालवत, रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी रविवारी पाऊस. पुढच्या शनिवारी छत्तिसावा दिवस लागला आणि मागची पायरी पुन्हा करावी लागली.

मी तिला विचारलं, शिक्षिकेनं हो म्हटलं असतं तर? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी गेले असते. वाऱ्याकडे बघितलंच नसतं, मी तारखेकडे बघत होते."

हे ऐकून मला माझीच एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी शेळीपालनाचं प्रशिक्षण ठरवायचं होतं. मार्चअखेर कागद पूर्ण करायचे म्हणून मी ते भर हरभरा काढणीत, बाजारच्या दिवशी, सकाळी अकराला लावलं. तीस नावं होती, सहा बाया आल्या. मी बाकीच्यांवर बैठकीत ओरडले, शिकायची आवड नाही म्हणाले. एकीनं शांतपणे विचारलं, "ताई, दिवस कुणाला विचारून ठरवला?" मीही तेव्हा तारखेकडेच बघत होते.

सचिवताईंच्या मुलीबद्दल थोडं. सैन्याच्या छत्री-उडीची शाळा आग्र्याला आहे आणि एन.सी.सी.तल्या निवडक मुलामुलींना तिथं पाठवतात. तिथली उडी वेगळी. छत्रीची दोरी विमानाला अडकवलेली असते, बाहेर पडलं की छत्री आपोआप उघडते. वारा मात्र तिथंही लागतोच. पुढं तिला नागरी केंद्रात शिकायचं झालं, तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. हवा बिघडली तर भरलेल्या पैशाचं काय? शिकाऊंचा नंबर केव्हा आणि कोण लावतो? माझ्या वजनाला वाऱ्याची मर्यादा किती? आणि दिवसाच्या शेवटी "नाही" म्हणायचा अधिकार कुणाचा? या शेवटच्या प्रश्नाला चटकन एका माणसाकडे बोट दाखवलं तर बरं समजावं. आणि परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नये. तिकीट खिशात असलं की माणूस वाऱ्याशी घासाघीस करायला लागतो.

बहिणीनं या एप्रिलमध्ये, मैदान उघडल्यावर, पद्धत बदलली. शनिवारऐवजी महिन्यातून दोन शुक्रवार रजा घेते, तेव्हा हौशी लोक कमी असतात. सकाळी निघायच्या आधी फोन करून ढग विचारते. बसून राहायची वेळ आली तर छत्रीची घडी घालायला शिकते, नाहीतरी परवान्यासाठी ते यावंच लागतं. आता तिची घडी पाऊण तासात होते. पहिली तीन तास चालली होती आणि शेवटी छत्री पिशवीत मावेना, म्हणून ती छत्रीवर पालथी पडून हसत राहिली होती.

परवा तिचा निरोप आला. उड्या झाल्या एकोणीस. शुक्रवारी विसावी व्हायची होती. खाली फोटो होता, निळंभोर आभाळ, एक ढग नाही, आणि काठीवरचा वाऱ्याचा मोजा आडवा ताठ. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "आज घडी घातली. तीनदा."