तयार विमान आणि बांधलेले विमान

डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून निघालेले एक चालकविरहित यान झाप या गावी उतरले. करोनाप्रतिबंधक लसीच्या ३०० मात्रा त्याने नेल्या आणि सुमारे २० किलोमीटरचे अंतर नऊ-दहा मिनिटांत कापले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. राज्यातील असा पहिलाच प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले व ते योग्यही होते. ज्या मुलखात पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की पाड्याचा बाजारगावाशी संबंध तुटतो, तेथे आकाशमार्ग ही चैन म्हणता येत नाही. तथापि कौतुक ओसरल्यावर एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. उतरताना त्या यानाचे एखादे पाते मोडले असते, तर ते जागच्या जागी दुरुस्त करणारा माणूस जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत कोठे सापडला असता?

हा प्रश्न एकट्या यानाचा नाही. हातपंप, सौरदिवा, शाळेतील संगणक अशी यंत्रे योजनांच्या वाटेने दुर्गम गावांत पोहोचतात आणि पुष्कळदा एका किरकोळ बिघाडाने कायमची मुकी होतात. यंत्र तयार होऊनच येते. ते तयार कसे झाले, हे ज्याने कधी पाहिले नाही त्याला ते उघडण्याचे धैर्य होत नाही. हे धैर्य कोठे शिकता येते, याचा विचार करू लागले असता एका अनपेक्षित ठिकाणी, एका छंदाकडे, लक्ष जाते. संच आणून रेडिओ-नियंत्रित लढाऊ विमानाची मोठी प्रतिकृती बांधणे, हा तो छंद होय.

पेटीतले विमान

उदाहरणार्थ ‘स्पिटफायर’ घ्या. ५ मार्च १९३६ रोजी या विमानाने प्रथम उड्डाण केले. भारतीय हवाई दलानेही ते वापरले. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत ते होते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर. एक-पंचमांश प्रमाणात तो सव्वादोन मीटर होतो. म्हणजे चाळीतल्या खोलीत हे विमान ठेवायचे तर खाट बाहेर काढावी लागेल. संचाच्या पेटीत मात्र विमान नसते. तीत असतो एक नकाशा, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि पत्रे, प्लायवुडमधून कापलेल्या चौकटी आणि पंखाच्या बरगड्या. सपाट फळीवर नकाशा पसरायचा, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद घालायचा, टाचण्यांनी पट्ट्या जागी धरायच्या आणि गोंद सुकेपर्यंत थांबायचे, अशी ही साधना आहे. संध्याकाळचे दोन तास दिले तर वर्ष सहज जाते.

या वर्षभरात मनुष्य काय शिकतो? पहिली गोष्ट, चूक लपत नाही. पंख टोकाकडे जाताना किंचित पिळलेला ठेवावा लागतो. मुळाशी त्याचा वाऱ्याशी जो कोन असतो, त्यापेक्षा टोकाशी दोन-अडीच अंशांनी कमी. मूळ स्पिटफायरमध्येही हा पीळ होता. तो नसेल तर उतरताना वेग कमी होताच टोकाची उचल आधी सुटते, एक पंख खाली पडतो आणि विमान कुशीवर वळून जमिनीला भिडते. फळीवर टाचण्या लावताना झालेली दोन अंशांची हयगय वर्षभराने आकाशात वसूल होते. वहीतले चुकलेले उत्तर खोडता येते, येथे तशी सोय नाही.

ग्रॅमचे अर्थशास्त्र

दुसरी गोष्ट म्हणजे काटकसर, आणि हिचा पैशांशी संबंध नाही. एक-पंचमांश प्रतिकृतीच्या पंखाचे क्षेत्रफळ मूळच्या एक-पंचविसांश, म्हणजे सुमारे ०.९ चौरस मीटर राहते. एवढ्याशा पंखावर नऊ-दहा किलोंचे विमान पेलावयाचे असते. त्यातच स्पिटफायरचे नाक आखूड आणि शेपटी लांब. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या तृतीयांशात ठेवणे भाग असल्याने शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. तरफेचा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. गोंदाचा एक जादा थेंब किती महाग पडतो, हे तो नियम हाताने अनुभवल्याखेरीज कळत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील ‘वैकल्पिक खर्च’ ही संकल्पना याहून स्पष्ट करून सांगणे कठीण आहे.

तिसरी गोष्ट पूर्णत्वाची. सांगाडा उभा राहिला की पाहणाऱ्याला वाटते, काम संपले. वस्तुतः तेव्हा ते निम्मे झालेले असते. सगळे अंग पॉलिशपेपरने घासायचे; त्यावर काचतंतूंचे अत्यंत तलम कापड पातळ एपॉक्सीने चिकटवायचे; त्यावर अस्तराचा रंग द्यायचा आणि तो बहुतेक सगळा पुन्हा घासून काढायचा, कारण अस्तराचे काम खळगे भरण्यापुरते असते. मग खऱ्या विमानाच्या पत्र्यांचे जोड रेखायचे, गोंदाच्या सूक्ष्म थेंबांनी रिव्हेट उठवायचे, रंग चढवायचे आणि शेवटी धुराड्यांमागचा काळपट डाग व वैमानिकाच्या पायांनी खरवडलेला पंखाचा रंगही दाखवायचा. यातले कितीतरी तपशील जमिनीवरून पाहणाऱ्याला दिसतसुद्धा नाहीत. पण ‘चालते, एवढे पुरे’ या वृत्तीने आपल्या सार्वजनिक जीवनात जे अर्धवट पूल आणि गळकी छपरे उभी केली आहेत, ती पाहता न दिसणारे काम नीट करण्याची ही सवय सामान्य नव्हे.

आणि अखेर तो दिवस येतो. रेडिओचा पल्ला तपासला जातो, विमान वाऱ्याला तोंड करून धावते, वर जाते आणि कधी कधी दुसऱ्याच मिनिटाला कोसळते. बांधणारा तुकडे गोळा करतो. कोणती बरगडी कोठची, हे त्याला डोळे मिटून सांगता येते. म्हणून महिन्याभरात ते विमान पुन्हा उभे राहते. तयार विमान विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र अशा वेळी केवळ भंगार उरते. बांधलेल्या वस्तूत आणि विकत घेतलेल्या वस्तूत हाच खरा फरक आहे.

आज बाजारातून संच मागे पडत चालले आहेत. फोमची तयार विमाने पेटीतून काढून तासाभरात उडवता येतात. यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु धोरणाची दिशा नेमकी उलट आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या, तसेच जोडणीसाठी सुट्या केलेल्या संपूर्ण ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठी अपवाद ठेवले आणि सुटे भाग मात्र मोकळे सोडले. याचा अर्थ, हे यंत्र येथे बांधले जावे, अशी अपेक्षा आहे. अधिसूचनेने आयात थांबते, पण बांधणारे हात तिच्यातून निर्माण होत नाहीत.

ते हात छंदातून कसे निर्माण होतात, याचा दाखला इतिहासात आहे. रेजिनाल्ड डेनी हा हॉलिवुडचा नट १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये विमान-प्रतिकृतींचे दुकान चालवीत असे. त्या दुकानातून निघालेल्या कल्पनेतून तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओ-नियंत्रित लक्ष्य-विमाने तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती हजारोंनी घेतली. आजच्या ड्रोनच्या पूर्वजांत त्यांची गणना होते. युद्धयंत्राची प्रतिकृती मुलांच्या हाती द्यावी काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो अनाठायी नाही. पण खेळण्यातून युद्धाकडे गेलेली हीच विद्या २०२१ मध्ये झापला लस घेऊन आली. विद्येला दिशा देणे समाजाच्या हाती असते. त्यासाठी ती विद्या आधी समाजाच्या हाती असावी लागते.

खोडाळ्याचे साहित्य

आता खोडाळ्याकडे वळावे. कसाऱ्याहून विहीगावमार्गे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोखाडा तालुक्यातील बाजारगाव. येथील एखाद्या आश्रमशाळेने स्पिटफायरचा मोठा संच, इंजिन आणि नियंत्रक विकत घ्यावा, असे सुचविणे थट्टेचे ठरेल. त्या सर्वांची किंमत एखाद्या कारकुनाच्या महिन्याच्या पगारापलीकडे सहज जाईल. पण संचात जे खरोखर मोलाचे असते ते या परिसरात आधीच आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांतून तारपा घडविणाऱ्याला हवाबंद जोड म्हणजे काय, हे कोणी शिकवावयास नको. बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्यातून आणि लाकडातून घडविणारा कलावंत रात्रभर तोंडावर धरून नाचता येईल इतके हलके आणि लांबून ओळखू येईल इतके रेखीव काम करतो. हलकेपणा आणि रेखीवपणा यांचा हाच मेळ विमान बांधणाराही शोधत असतो. फार काय, दक्षिण अमेरिकेतला बाल्सा आणि सह्याद्रीतली काटेसावर हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भाऊबंद आहेत.

समजा, येथील एखाद्या शिक्षकाने कार्यानुभवाच्या तासाला बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि फेविकॉल एवढ्यावर हाताने फेकायचे विमान बांधावयास घेतले. पुढच्या वर्षी त्यात लहान विजेरी मोटर आली, त्यानंतर रेडिओ. तीन वर्षांत जी मुले तयार होतील त्यांना पाते बदलणे, तार जोडणे, गुरुत्वमध्य काढणे ही कामे किरकोळ वाटतील. ही कल्पना हवेतली नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, तो प्रत्यक्ष काम करीत शिकण्याच्या याच तत्त्वावर. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृती हा प्रशिक्षणाचा भागच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनीही शिक्षण, संशोधन किंवा करमणूक यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोंपर्यंतच्या प्रतिकृतींची वेगळी दखल घेतली आहे. प्रतिबंधित क्षेत्र तेवढे नकाशावर आधी पाहिले पाहिजे.

कार्यानुभवाचा तास गणिताच्या शिक्षकाला उसना देण्याची प्रथा ज्या शाळांत आहे, तेथे हे घडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. गुणपत्रिकेत श्रेणी लिहिण्यापुरता हा विषय उरला, यात शिक्षकांचा दोष थोडा आणि हाताच्या कामाला कमी लेखणाऱ्या आपल्या सर्वांचा अधिक. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. मोठी यंत्रे या मुलखातून पुढे निघून जातात, हा येथील जुना अनुभव आहे. आकाशातून जाणाऱ्या यानाच्या बाबतीत त्याची पुनरावृत्ती टाळावयाची असेल, तर खोडाळ्याच्या मुलाने ते खालून पाहून टाळ्या वाजविणे पुरेसे नाही. एखादे लहानसे विमान त्याने स्वतः बांधावे, पाडावे आणि पुन्हा बांधावे. मग झापला उतरलेल्या यानाचे पाते मोडले, तर माणूस कोठून आणावा हा प्रश्न पडणार नाही.