अंतर्ज्वलन एंजिनातील पिस्टन रिंगांचे वंगण : एक विवेचन

प्रस्तावना :
अंतर्ज्वलन एंजिनात पिस्टनच्या खाचांमध्ये बसविलेल्या रिंगांना तीन कार्ये करावी लागतात : ज्वलनातील वायू अडविणे, पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे नेणे आणि भिंतीवरील तेलाचे प्रमाण राखणे. एंजिनातील यांत्रिक घर्षणहानीचा मोठा वाटा पिस्टन व रिंगा यांच्याकडून येतो. त्यामुळे येथील वंगणाचा अभ्यास इंधनबचत आणि प्रदूषणनियंत्रण या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा ठरतो.

वंगणाचे स्वरूप :
निमुळत्या फटीत तेल ओढले गेले की त्यात दाब निर्माण होतो व तो भार पेलतो, याची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडली. रिंगचे बाह्य पृष्ठ किंचित फुगीर ठेवल्यास पिस्टन वर जावो वा खाली, पुढील बाजूस अशी पाचर तयार होते. धावेच्या मध्यावर वेग अधिक असल्याने काही मायक्रोमीटर जाडीचे तेलाचे पटल रिंग व भिंत यांना विलग ठेवते.

धावेच्या टोकांशी मात्र पिस्टन क्षणभर थांबतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात असे सेकंदाला १०० वेळा घडते. ज्वलनाच्या वेळी वरच्या टोकाजवळ तीन प्रतिकूल गोष्टी एकत्र येतात : वेग शून्यवत होतो, रिंगमागे शिरलेला वायू तिला भिंतीवर रेटतो आणि उष्णतेने तेलाची श्यानता घटते. तेल तत्क्षणी पिळून बाहेर जात नसल्याने पटल अंशतः टिकते. तरीही पृष्ठांवरील सूक्ष्म उंचवटे परस्परांना भिडतात. सिलिंडरची सर्वाधिक झीज सामान्यतः पहिल्या रिंगच्या वरच्या थांब्यापाशी आढळते, ती यामुळेच.

उपाय व मर्यादा :
अधिक तेल पुरविल्याने हा प्रश्न सुटत नाही. जादा तेल जळून काजळी व धूर वाढतो. म्हणून होनिंग करून भिंतीवर परस्परांना छेदणाऱ्या तिरप्या सूक्ष्म रेषा उमटविल्या जातात व त्यांत तेल धरून ठेवले जाते. जस्त-फॉस्फरसयुक्त पूरके धातूवर संरक्षक थर निर्माण करतात. परंतु फॉस्फरसमुळे धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तकाची कार्यक्षमता घटते. पातळ तेलाने धावेच्या मध्यावरील घर्षण कमी होते, पण टोकाशी झिजेचा धोका वाढतो.

निष्कर्ष :
भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यावर ही ओढाताण अधिक तीव्र झाली आहे. तेलाची श्यानता, रिंगचा आकार आणि भिंतीचा पोत यांचा निर्णय स्वतंत्रपणे घेता येत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व यंत्र अभियांत्रिकी यांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे शिकवावा, असाच हा विषय आहे.