गुडघ्यातला टवका

शर्यतीच्या घोड्याचा गुडघा मोडला की गोळी घालण्यावाचून इलाज नाही, असं आजही सर्रास मानलं जातं. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या मोसमात वर्षानुवर्षं रेस बघणारी माणसंही हे ठामपणे सांगतात. काही दुखापती खरोखरच तशा असतात. हाडांचा चुरा झाला, सांधाच खचला, तर जनावराला यातनांतून सोडवणं हीच दया. पण गुडघ्याच्या दुखापतींतला मोठा भाग या जातीचा नसतो. हाडाच्या कडेचा एक टवका उडालेला असतो, फार तर चिंचोक्याएवढा. असा घोडा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो आणि शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच दिवशी चालत आपल्या ठाणावर परततो.

हा गुडघा पुढच्या पायाचा. शरीररचनेच्या हिशेबाने तो आपल्या मनगटाच्या जागी येतो. आपल्या गुडघ्याशी जुळणारा सांधा घोड्याच्या मागच्या पायात, वर पोटाच्या कडेला असतो. म्हणून आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनावरून घोड्याचे अंदाज बांधण्यात अर्थ नाही. इथे लहान लहान हाडांच्या दोन ओळी एकीवर एक बसलेल्या असतात. ४५० ते ५०० किलोचा थरोब्रेड ताशी ६० किलोमीटरने पळतो तेव्हा टेकलेल्या पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. त्या क्षणी सांधा गरजेपेक्षा जास्त मागे झुकतो आणि हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आपटतात. अखेरच्या टप्प्यात स्नायू थकले की हे आपटणं वाढतं.

‘पाय खड्ड्यात गेला’, ‘जॉकीने वळणावर चुकीचा खेचला’ ही स्पष्टीकरणंही बहुतेक वेळा अपुरी असतात. टवका उडतो एका क्षणात, पण त्याची तयारी कित्येक आठवडे चाललेली असते. रोजच्या माऱ्याने कूर्चेखालचं हाड घट्ट होत जातं, त्यात सूक्ष्म भेगा पडतात, आणि भरून येण्याआधी पुन्हा भार पडतो. म्हणजे आधी इशारा मिळण्याची शक्यता असते. सांध्याच्या पुढच्या बाजूला किंचित सूज, हाताला लागणारी ऊब, आखडलेली टाप. दोन दिवस आराम दिला की घोडा पुन्हा साफ दिसतो, आणि इथेच सगळे फसतात. सकाळच्या रपेटीनंतर पायांवरून हात फिरवणाऱ्या मोतद्दाराला हा फरक अनेकदा सगळ्यात आधी कळतो. त्याचा शब्द कुणी मनावर घेतला, तर पुढचं बरंच काही वाचतं. एक्स-रे काढतानाही नेहमीच्या दोन बाजू पुरत नाहीत. गुडघा दुमडून वरून घेतलेल्या छायाचित्रात खालच्या ओळीतल्या तिसऱ्या हाडाची चीर दिसते, ती एरवी निसटू शकते.

सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज मात्र ‘इंजेक्शन दिलं की चालेल’ हा आहे. सांध्यात स्टेरॉइड टोचलं की सूज ओसरते, लंगड थांबते आणि घोडा पुढच्या शर्यतीला उभा राहतो. टवका मात्र तिथेच असतो. दर टापेला तो समोरची कूर्चा खरवडत राहतो आणि दुखणं दबलेलं असल्यामुळे घोडा पाय राखत नाही. डाग देण्याची जुनी रीतही इथे निरुपयोगी, कारण चटका कातडीला बसतो आणि बिघाड सांध्याच्या आत असतो. नुसती विश्रांती दिली तरी सुटलेला टवका सांध्याच्या द्रवात, सततच्या हालचालीत नीट जुळत नाही. ज्या जनावराला तक्रार सांगता येत नाही, त्याचं दुखणं झाकून त्याला पळवणं मला उपचार वाटत नाही.

शस्त्रक्रिया दुर्बिणीची असते. पूर्ण भूल देऊन घोड्याला पाठीवर निजवतात. सेंटिमीटरभराची दोन छिद्रं पुरतात. एकातून सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून चिमटा. सांधा द्रवाने फुगवून टवका काढतात, सैल हाड खरवडून निरोगी थर लागेपर्यंत कडा साफ करतात. हाडाची उभी फाक सुटली असेल, म्हणजे स्लॅब फ्रॅक्चर असेल, तर ती बहुधा स्क्रूने आवळून बसवावी लागते, आणि मग परतीची वाटही लांबते.

‘घोड्याला भूल मानवत नाही’ या भीतीत तथ्य आहे, पण ती प्रमाणात असावी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४१ हजारांहून अधिक घोड्यांच्या पाहणीत, पोटशूळाचे रुग्ण वगळता, भुलेशी निगडित मृत्यू ०.९ टक्के होते. माणसाच्या तुलनेत हे खूपच जास्त आहे. शुद्धीवर येताना घोडा धडपडतो, हा मोठा धोका. १९७५ मध्ये अमेरिकेत ‘रफियन’ ही अजिंक्य घोडी ऑपरेशननंतर अशीच झटे देत जागी झाली, दुखापत आणखी बिघडली आणि तिला मारावं लागलं. तिची मोड गुडघ्याची नव्हती, कितीतरी गंभीर होती. आता गादीदार खोल्या असतात, डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून घोड्याला उठायला आधार देतात.

परतीचं काय? कोलोरॅडोचे शल्यविशारद वेन मॅकिलरेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये टवक्यांच्या शस्त्रक्रियांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. ४४५ शर्यतीच्या घोड्यांपैकी ६८.१ टक्के आधीच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाला पळाले. या आकड्याच्या पोटातला तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कूर्चेचं नुकसान कमी होतं त्या गटांत हे प्रमाण सत्तरच्या वर होतं. जास्त होतं तिथे ५३-५४ वर आलं. शल्यविशारद तेच, तंत्र तेच. झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी परत येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर मालकाने पहिला प्रश्न ‘कधी पळेल?’ हा न विचारता ‘कूर्चा किती गेली होती?’ हा विचारावा. साध्या टवक्यात टाके दोनेक आठवड्यांत निघतात, हाताने फिरवणं लवकर सुरू होतं आणि सराव साधारण दोन ते चार महिन्यांनी. स्लॅब असेल तर शर्यतीपर्यंत अनेक महिने जातात, आणि परतलेले घोडे पुष्कळदा खालच्या वर्गात पळतात.

काही घोड्यांनी परत पळूच नये, आणि त्याला अपयश म्हणण्याचं कारण नाही. १९७१ ची एप्सम डर्बी जिंकणाऱ्या ‘मिल रीफ’चा पुढचा पाय १९७२ मध्ये सरावात मोडला. तीही मोड गुडघ्याची नव्हती. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली; तो शर्यतीत परतला नाही, पैदाशीसाठी न्यूमार्केटच्या नॅशनल स्टडमध्ये गेला. १९७८ ची डर्बी त्याच्या मुलाने, ‘शर्ली हाइट्स’ने, जिंकली.