खिडकी उघडा, पण जपून!

मंडळी, ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवतात? मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकात खिडकीतून काहीतरी चावट दिसायचं. पान उलटलं की चित्र एकदम सोज्वळ! चावटपणा सगळा आपल्याच डोक्यात.

पांढऱ्या मुखवट्याआडचा जपानी लेखक उकेत्सू हाच खेळ उलटा खेळतो. २०२१ सालच्या त्याच्या ‘हेन्ना इए’ या रहस्यकथेत चक्क घराचे प्लॅन छापलेत. स्वयंपाकघरालगत एक दार नसलेली जागा. मुलाच्या खोलीला खिडकीच नाही. ‘आर्किटेक्टची चूक असेल,’ म्हणत आपण पुढे जातो आणि मग सॉलिड टरकतो! चित्र काहीच लपवत नाही; नकोसं दिसलं की सोयीचं कारण आपणच शोधतो.

तेव्हा भरे-घोटावड्याकडच्या वीकेंड होमचं ब्रोशर हाती आलं, तर स्विमिंग पूल नंतर बघा. आधी भिंती वाचा!