फलनाची जागा कोणती?

लोलकाच्या लांबीवरून आवर्तकाल काढणारे फलन, म्हणजेच ‘फंक्शन’, एखादा विद्यार्थी मॅटलॅबमध्ये लिहितो. त्याखालीच दहा निरनिराळ्या लांबी देऊन ते वापरतो आणि संगणक अडून बसतो: स्क्रिप्टमधील फलनाची व्याख्या फाइलीच्या शेवटी हवी. बिचारा सूत्रच तपासत बसतो! सूत्र बरोबर असते. चुकलेली असते ती जागा.

स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची फाइल. तीत फलन लिहिण्याची मुभाच मुळी २०१६ च्या ‘बी’ आवृत्तीपासून मिळाली, आणि तीही शेवटी लिहिण्याच्या अटीवर. २०२४ च्या ‘ए’ आवृत्तीत ही अट सुटली. मात्र ‘इफ’ किंवा ‘फॉर’च्या पोटात फलन आजही चालत नाही. आपल्या प्रयोगशाळेतील आवृत्ती या दोहोंच्या मधली असेल, तर फलन उचलून तळाशी न्यावे व ‘एंड’ने बंद करावे.

पण तळाशी लिहिलेले फलन वरच्या ओळीत कसे वापरता येते? मॅटलॅब आधी सारी फाइल वाचून घेतो, मग पहिली आज्ञा पाळतो. पायथॉनमध्ये व्याख्या हीसुद्धा एक आज्ञाच असते. ती पाळली जाण्यापूर्वी फलन वापरू गेल्यास त्याचे नावच अनोळखी ठरते.

मॅटलॅबमधले हेच फलन इतर फाइलींतूनही हवे असेल, तर त्याच्याच नावाची स्वतंत्र फाइल करावी.