परवान्यातली उंची

ट्रेलरवर लादलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या टपावर पोरगा बसला होता. पायात स्लिपर, हातात बांबू, बांबूच्या टोकाला बेचकं. हमरस्ता सोडून गाडी उपकेंद्राच्या रस्त्याला लागली की तारा आडव्या यायच्या. तो तार बेचक्यात धरून उचलायचा, गाडी खालून सरकायची, मग तो तार मागे सोडून द्यायचा. केबलवाल्याची तार आणि विजेची तार दोन्हींना बांबू तोच. त्या पोराला पाहिलं आणि पायलट गाडीत बसून मी दिवसभर या गाडीवाल्यांसोबत राहिले.

अशा मालाला या धंद्यात सगळे ओडीसी म्हणतात. गाडीची रुंदी नियमाने २.६ मीटरच्या आत हवी. त्यापलीकडे गेलं की राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राची आणि राज्याच्या रस्त्यांसाठी बांधकाम खात्याची परवानगी लागते. ड्रायव्हरकाकांच्या फाइलीत सगळे कागद होते. पुलाच्या अटी त्यांना तोंडपाठ : पुलावर दुसरी गाडी नको, मधोमध चालायचं, वेग ताशी ५ किलोमीटर, ब्रेक मारायचा नाही. ओढ्यावरच्या पुलाशी त्यांनी दोन्हीकडची वाहतूक अडवली. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. काकांची नजर रस्त्यावरून हलली नाही. पूल संपेपर्यंत गाडी एका चालीत गेली.

"माप चुकलं की वीस हजार, ताई," ते म्हणाले. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४. माल परवानगीबाहेर आला तर २०,०००; वजन जादा निघालं तर २०,००० आणि वर टनामागे २,०००. कायदा चालवणाऱ्याला धरतो, तसाच चालवायला लावणाऱ्यालाही. पण मालक वीस हजार भरतो आणि पगारातून कापून घेतो, असं काका सांगत होते.

मालाची सोय चोख असते. जादा जोखीम लिहून दिली नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई २००७ च्या कायद्याने भाड्याच्या दहापटीवर थांबते. म्हणून माल पाठवणारा वेगळा विमा उतरवतो. पोरगा मात्र रोजावर. कामावर जीव गेला तर कायद्याने भरपाई मिळते, पण तो कामावर होता हे आधी दाखवावं लागतं, आणि फाइलीत त्याचं नाव कुठेच नव्हतं.

परवान्यात मालासकट गाडीची उंची होती ५.४ मीटर. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार किमान ६.१ मीटरवर हवी. कागदावर जागा भरपूर. पण टपावर माणूस बसला की डोकं जमिनीपासून ६.२ मीटरवर जातं. म्हणजे नियमात बसणारी तारसुद्धा त्याच्या कपाळाशी येते. मापं घेणाऱ्या एकानेही त्याला मोजलेलं नाही. मला हा सरळ गुन्हा वाटतो.

शेवटच्या वळणावर ११ केव्हीच आली. सुपरवायझर म्हणाला, "हळू काढा, पोरगा आहे वर." काकांनी इंजिन बंद केलं.

"त्याला खाली घ्या. लाईन बंद झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. याला काही झालं तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ माझ्यावर लागेल, तुमच्यावर नाही."

पोरगा उतरला, टायरला टेकून बिडी ओढत बसला. लाइनमन यायला दोन तास लागले. त्या दोन तासांचा खोळंबा कुणाच्या नावावर टाकायचा, यावरून सुपरवायझर फोनवर ऑफिसशी भांडत राहिला.